‘द सोप्रानोज’ या अमेरिकी मालिकेतला ‘कॉलेज’ हा भाग एवढा का गाजला? आधीचे चार सोडून थेट तोच बघितला तर चालेल का?

चालेल. पण ‘लेकीवर जीव टाकणारा बाप’ म्हणून तो बघू नका. माझा दादा तसाच बघतो आणि त्यावरून आमचं कित्येक वर्षं वाजतंय.

फेब्रुवारी १९९९ मध्ये आलेला हा भाग. माफिया टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो मुलीला, मेडोला, मेन राज्यातली कॉलेजं दाखवायला नेतो. गाडीत ती सरळ विचारते, तुम्ही माफियात आहात का? आधी तो झटकून टाकतो, मग थोडंसं कबूल करतो. वाटेत त्याला फेबी दिसतो, पोलिसांना फितूर होऊन नाव बदलून राहिलेला जुना साथीदार. मुलगी कॉलेजात मुलाखतीला बसलेली असताना टोनी वायरनं त्याचा गळा आवळतो. मालिकेचा नायक स्वतःच्या हातानं माणूस मारतो, तोही पाचव्याच भागात. प्रेक्षक तुटतील अशी वाहिनीला धास्ती होती. झालं उलटंच, लेखनाचं एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं.

माझी बारावी झाली तेव्हा बाबा मला मोटारसायकलवर अमरावतीला ॲडमिशनसाठी घेऊन निघाले. आमचं गाव दारव्ह्याकडचं. नेरच्या अलीकडे एका घरापाशी गाडी लावली आणि ‘इथंच थांब’ म्हणून मला बाभळीखाली उभं केलं. मार्कशीटची पिशवी छातीशी धरून तासभर उभी होते. आतून बाईमाणसाचं रडणं ऐकू येत होतं. बाबा बाहेर आले तेव्हा खिशात घडी केलेला स्टॅम्पपेपर होता आणि उजव्या हाताची बोटं जांभळी झाली होती. दुसऱ्याचा अंगठा धरून पॅडवर दाबला की शाई आपल्यालाही लागते.

पुढं रस्त्यात मी मागून विचारलं, “बाबा, तुमी याजानं पैसे देता काय?”

“कोनं सांगतलं तुले?” बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, “तुयासाठीच करतो ना सारं.”

कॉलेजच्या खिडकीशी पालकाची सही करताना त्या बोटाचा डाग माझ्या नावाशेजारी उमटला. क्लार्कनं रबरानं घासला, पण निघाला नाही.

नोकरी लागल्यावर ही मालिका पाहिली. मेडोला बापाच्या बुटाचा चिखल दिसतो तिथं मी लॅपटॉप मिटला, तो दोन दिवस उघडला नाही.

दादाचं म्हणणं, टोनीनं केलं ते घरासाठी, फेबीही पिस्तूल घेऊन मोटेलपाशी आलाच होता ना. पण टोनी तर फेबी नजरेस पडल्या क्षणी, लेक शेजारी असतानाच, गाडी वळवून मागं लागला होता. हे काम करायला त्याच्या हाताखालचा क्रिस्टोफर एका पायावर तयार होता, तरी टोनीनं ते स्वतःकडे ठेवलं. गळा आवळतानाचा त्याचा चेहरा बघा, त्यात घर कुठंच नाही. त्याला ते करायचं होतं. बाबांनाही करायचं होतं. माझी फी कापसाच्या पैशातून निघाली असती, निदान पहिली दोन वर्षं तरी.

हो, एक राहिलंच. खुनानंतर टोनी वर उडणाऱ्या बदकांकडे बघतो, ते पहिला भाग पाहिल्याशिवाय कळणार नाही. म्हणजे पहिला बघाच, मधले तीन नंतर बघा.

आणि तुमच्या घरात अशी, व्याजाच्या पैशापोटी लिहून घेतलेली जमीन आली असेल तर वाट बघू नका. २०१४ च्या सावकारी कायद्यानं जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती मूळ शेतकऱ्याला परत देऊ शकतात, पण आपण होऊन दिली तर त्या माणसाचे हेलपाटे वाचतात. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं चढली. नेरकडची ती पावणेदोन एकरही त्यातच आहे. माझी सही तयार आहे, दादाची तेवढी राहिली आहे.