अमेरिकेतल्या रीनोच्या विमान शर्यतीत दुसऱ्या महायुद्धातली विमानं एवढ्या वेगात कशी उडत? आणि इतक्या जुन्या विमानांची शर्यत म्हणजे अपघाताला आमंत्रणच नव्हतं का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त झोंबला, पण पहिल्याशिवाय तो नीट कळणार नाही. म्हणून आधी वेग.

इंजिन तगडं केलं की विमान पळतं, हा समज आधी सोडा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाच्या. वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद ३३ टक्के जास्त हवी. ताकद दुप्पट केली तरी वेग जेमतेम २६ टक्के वाढतो. पी-५१डी मस्टँग या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचा पुस्तकी वेग ताशी ४३७ मैल, तोही २५,००० फुटांवरच्या विरळ हवेत. रीनोचं स्टेड मैदान ५,००० फुटांवर आणि शर्यत जमिनीला लागून. तिथे मूळ स्थितीतलं मस्टँग चारशेच्या आत राहतं, आणि सगळ्यात वेगवान 'गोल्ड' गटातली विमानं तर पाचशेच्या आसपास फिरत. उरलेला फरक ताकद आणि विरोध दोन्हीकडून भरून काढावा लागतो. म्हणून ३७ फुटी पंख कापून आखूड करतात, कॅनपी (पायलटच्या डोक्यावरची काच) बुटकी करतात, पत्र्याचे सांधे आणि रिव्हेट भरून घासून गुळगुळीत करतात, फटी बुजवतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि फोटोत दिसत नाही, म्हणून त्याचं कौतुकही होत नाही.

आता मर्लिन, म्हणजे मस्टँगचं इंजिन. २७ लिटरचं, १२ सिलिंडरचं इंजिन. युद्धकाळात टेकऑफला ३,००० आरपीएमवर ६१ इंच मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचांत) आणि सुमारे १,५०० अश्वशक्ती. रेसमध्ये तेच इंजिन ३,४०० आरपीएमला आणि १३० इंचांच्या वर चालवतात, ताकद दुपटीच्याही पुढे जाते. सुपरचार्जरने, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याने, हवा एवढी दाबली की ती भयंकर तापते. मूळ रचनेत ती गार करायला आफ्टरकूलर असतो, पण तो हवेची वाट अडवतो. रेसवाले तो काढून तिथे सरळ नळी बसवतात आणि गार करण्याचं काम एडीआयवर सोपवतात: पाणी आणि मिथेनॉल निम्मं निम्मं, इंधनासोबत आत सोडायचं. त्याचं बाष्प होताना मिश्रण गार होतं आणि डिटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट, टळतं. या एका प्रवाहावर सगळं इंजिन उभं असतं. नोझल तुंबलं, पंपाचा दाब पडला किंवा टाकी आधी संपली, की काही सेकंदांत पिस्टनचा माथा वितळतो किंवा हेडला तडा जातो. मिश्रण पातळ झालं तर ते सावकाश जळतं, इनटेक व्हॉल्व्ह उघडेपर्यंत ज्योत शिल्लक राहते आणि बॅकफायर सुपरचार्जरपर्यंत पोचतो. म्हणून पायलटने थ्रॉटल पुढे ढकलण्याआधी एडीआयचा दाब पाहायचा, नंतर नाही.

कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) हा दुसरा कच्चा दुवा. पुष्कळ रेसिंग मर्लिनमध्ये अ‍ॅलिसन इंजिनाचे जी-मालिकेतले जाडजूड रॉड घालतात, आणि हेड व सिलिंडर बँक युद्धोत्तर प्रवासी विमानांच्या मर्लिनमधून घेतात. रेडिएटरवर स्प्रे बारमधून पाणी मारतात, म्हणजे हवेचं दार लहान ठेवता येतं. मर्लिन नाजूक आणि रेडियल (गोलात मांडलेल्या सिलिंडरांचं इंजिन) दणकट असं म्हणणारे खूप भेटतात. रेअर बेअर या रेसच्या विमानाचं आर-३३५० आणि ड्रेडनॉट या दुसऱ्याचं २८ सिलिंडरांचं आर-४३६० ही थोर इंजिनं आहेत, वाद नाही. पण पाण्याची शिस्त पाळली तर मर्लिन टिकतं, आणि ती मोडली तर रेडियलसुद्धा फुटतं.

प्रोपेलरचीही एक मर्यादा आहे. मस्टँगचा गिअर ०.४७९ चा, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला पंख्याचे ०.४७९ फेरे; पंखा ११ फूट २ इंच. ३,४०० आरपीएम आणि ५०० मैल वेग धरून हिशेब मांडा: पात्याचं टोक ध्वनीच्या वेगापलीकडे गेलेलं निघतं. तिथून पुढे आरपीएम वाढवून आवाज मिळतो, ओढ मिळत नाही. सरळ ३ किलोमीटरच्या मार्गावर लाइल शेल्टनने १९८९ मध्ये रेअर बेअर ५२८.३३ मैलांनी नेलं, आणि धाकट्या स्टीव्ह हिंटनने व्हूडू मस्टँग ५३१.५३ ला नेलं ते थेट २०१७ मध्ये. २८ वर्षांत ३ मैल. पिस्टन आणि प्रोपेलरची भिंत कुठे आहे ते यावरून ओळखा.

आता अपघात. १६ सप्टेंबर २०११ ला गॅलपिंग घोस्ट हे मस्टँग प्रेक्षकांजवळ कोसळलं आणि पायलटसह ११ जण गेले. त्या दिवसापासून "एवढी जुनी विमानं उडवायचीच कशाला" हे ऐकतोय, आणि मला ते मान्य नाही. अमेरिकी तपास मंडळाचा अहवाल वयाला दोष देत नाही. एलिव्हेटर म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग, आणि ट्रिम टॅब म्हणजे त्याच्या मागच्या काठावरची छोटी पट्टी. या टॅबचे स्क्रू धरून ठेवणाऱ्या लॉकनटांमधले इन्सर्ट (पकड देणारे आतले कडे) झिजले होते. स्क्रू सैल झाले, एकाला आधीपासूनच थकव्याचा तडा होता. टॅबचा ताठपणा गेला, रेसच्या वेगात फ्लटर (हवेमुळे होणारी अनावर थरथर) सुरू झाला आणि डाव्या टॅबचा दुवा तुटला. त्या वेगात मस्टँगचं नाक वर जाऊ पाहतं, ते टॅबनेच खाली धरलेलं असतं. टॅब सुटताच नाक उसळलं, १७ जींचा (वजनाच्या १७ पट) दणका बसला आणि पायलटच्या हाती काही उरलं नाही. त्यात उजवा टॅब कायमचा जाम केलेला, म्हणजे सगळा भार डाव्यावर. अहवालात आणखी दोन गोष्टी स्पष्ट आहेत: मोठे बदल नोंदवले नव्हते, आणि त्या बदलांसह पुरेशी चाचणी उड्डाणं झाली नव्हती.

यात वय कुठे आलं? झिजलेला नट नव्या विमानातही झिजलेलाच असतो. हाताने नट फिरवत न्या. इन्सर्टमधून बोटांच्या जोरावर तो पुढे गेला तर फेकून द्या. घट्ट केल्यावर किमान एक पूर्ण आटा बाहेर दिसला पाहिजे. टॅबचा मागचा काठ धरून वर-खाली हलवा, खेळ जाणवला तर विमान जमिनीवरच ठेवा. इशाराही आधी मिळालेला होता. १९९८ मध्ये बॉब हॅना व्हूडू उडवत असताना ट्रिम टॅब तुटला, विमान उसळलं, तो बेशुद्ध झाला आणि बऱ्याच उंचीवर शुद्धीत आला म्हणून वाचला. त्या दिवसानंतर प्रत्येक रेसिंग मस्टँगचे टॅब सक्तीने उघडून तपासायला हवे होते, असं माझं ठाम मत आहे.

इंजिन बंद पडण्याची भीती लोकांना जास्त वाटते, पण त्यावर सराव असतो. रेडिओवर मेडे (संकटाची हाक) म्हणायचं, लगेच वर खेचायचं, वेगाची काही हजार फूट उंची करायची, प्रोपेलर जाड कोनात घ्यायचा (म्हणजे पाती हवेला कमी अडवतात) आणि धावपट्टी निवडायची. ऑइल गेलं असेल तर मात्र पाती आपोआप बारीक कोनात येतात आणि पंखा ब्रेक लावल्यागत विमान ओढतो. मग लांबची धावपट्टी विसरायची.

एक गोष्ट तुमच्या बाजूने मान्य करतो. २०२३ च्या शेवटच्या दिवशी टी-६ ही दोन जुनी प्रशिक्षण विमानं शर्यतीनंतर उतरताना हवेत आदळली आणि दोन्ही पायलट गेले. टी-६ चा गट जवळजवळ मूळ स्थितीतल्या विमानांचा. म्हणजे बदल न करताही धोका असतोच, आणि प्रेक्षक आणि मार्ग यांत अंतर ठेवणं ही वेगळीच जबाबदारी आहे.

स्टेडवरची शर्यत १९६६ पासून होती, ती तिथे २०२३ ला संपली. २०२५ पासून ती न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला गेली. तिथलं मैदान साधारण ३,६७० फुटांवर, हवा जास्त दाट, त्यामुळे तिथले आकडे रीनोच्या आकड्यांशी सरळ ताडून पाहू नका. जायचं ठरवलंत तर स्टँडपेक्षा पिटमध्ये वेळ घाला, आणि एखाद्या मस्टँगचं शेपूट उघडं दिसलं तर तिथे थांबून ट्रिम टॅबचे नट बघा.