नाव जाहीर झालं, मग नेमणूक अडते कुठे?

प्रश्न : दिल्लीतलं अमेरिकी राजदूताचं पद २०२१ ते २०२३ रिकामं होतं. नाव तर कधीच जाहीर झालं होतं. मग अडलं कुठे?

मतदानात नव्हे, मतदानाची वाट बघण्यात. राजदूताचं नाव ठरलं की आधी यजमान देशाची संमती, एफबीआयची चौकशी आणि मालमत्तेचं विवरण. मग राष्ट्राध्यक्षांचं लेखी नामांकन सिनेटकडे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाकडे जातं, त्याला ‘पीएन’ (प्रेसिडेन्शिअल नॉमिनेशन) क्रमांक पडतो आणि ते परराष्ट्र संबंध समितीकडे पाठवलं जातं. समितीनं होकार दिला की नाव सभागृहाच्या यादीत येतं. तिथून ते मतदानाला कधी घ्यायचं, हे बहुमतवाल्या पक्षाचा नेता ठरवतो.

दिल्लीच्या पदासाठी एरिक गार्सेटींचं नामांकन जुलै २०२१चं. जानेवारी २०२२मध्ये समितीनं मंजुरीही दिली. पण लॉस एंजेलिसच्या महापौरपदी असताना एका सहकाऱ्याच्या गैरवर्तनाबद्दल त्यांना किती माहीत होतं, असा प्रश्न उभा राहिला. आपल्याला माहीत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मतं जुळेनात, म्हणून नाव यादीतच राहिलं. ३ जानेवारी २०२३ला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची मुदत संपली आणि नामांकन परत गेलं. सिनेटच्या नियमानं असं परतलेलं नाव आपोआप पुढे चालत नाही. नवं नामांकन, नवा क्रमांक, समितीत पुन्हा मतदान. शेवटी १५ मार्च २०२३ला ५२ विरुद्ध ४२ मतांनी मंजुरी मिळाली.

प्रश्न : एकटा सिनेटर नेमणूक रोखू शकतो का?

लांबवू शकतो. सर्वसंमती असेल तर नाव काही मिनिटांत मंजूर होतं. एकानं जरी हरकत घेतली, तरी चर्चा आटोपती घेण्यासाठी वेगळं मतदान लागतं. २०१३पासून त्याला साधं बहुमत पुरतं, सर्वोच्च न्यायालयासाठी २०१७पासून. त्यानंतरची चर्चा २०१९पासून बहुतेक पदांसाठी दोन तासांवर आली. मंत्री, अपील न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांना मात्र तीस तासच. दोन तास थोडे वाटतात, पण शंभर नावं रांगेत असली की आठवडे जातात.

म्हणून २०२५मध्ये मंत्रिपदाखालच्या नावांचा गठ्ठा एकदम मंजूर करायची वाट काढली गेली. ७ ऑक्टोबरला १०७ नावं एकाच मतदानात, ५१ विरुद्ध ४७ अशी, मंजूर झाली. भारतासाठीचे राजदूत सर्जिओ गोर त्यातच होते. वेळ वाचला हे मान्य, पण आता एकेका माणसाची खरी पारख समितीतच होणार. सुनावणी उरकून टाकली, तर पुढे कुणी विचारणार नाही.

प्रश्न : न्यायाधीशांच्या बाबतीत ‘निळी चिठ्ठी’ म्हणजे काय?

न्यायविषयक समिती संबंधित राज्याच्या दोन्ही सिनेटरांना निळ्या कागदावर मत विचारते. जिल्हा न्यायाधीशासाठी दोघांपैकी एकानं जरी चिठ्ठी परत केली नाही, तर नाव सहसा तिथंच थांबतं. हा लेखी नियम नव्हे, प्रथा आहे. अपील न्यायालयांच्या न्यायाधीशांसाठी समितीनं २०१८पासून ती अट धरलेली नाही.

प्रश्न : आम्ही डेट्रॉइटला राहतो. एका नामांकनाबद्दल आमचे खासदार श्री ठाणेदार यांना लिहावं का?

उपयोग नाही. ठाणेदार प्रतिनिधीगृहात आहेत आणि या नेमणुकांवर मत फक्त सिनेटचं. मिशिगनच्या दोन्ही सिनेटरांना लिहा, पत्रात पीएन क्रमांक घाला आणि समितीच्या मतदानाआधी पाठवा. क्रमांक काँग्रेसच्या संकेतस्थळावर व्यक्तीच्या नावानं शोधता येतो.