त्याला मी हवी आहे, की आमचे कारागीर?

‘मॅडम, त्याला मी हवी आहे की आमचा धंदा, हे ओळखायचं कसं?’

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण हा प्रश्न नाशिकमध्ये समुपदेशन करताना माझ्यापुढे वरचेवर येतो. कधी निफाडच्या बागायतदाराची मुलगी असते आणि मुलगा द्राक्षं निर्यात करणाऱ्या घरातला. कधी सिन्नरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा असतो आणि मुलीच्या वडिलांचं त्याच रस्त्यावर मोठं सुपरमार्केट येऊ घातलेलं असतं. घरच्यांनी स्थळ बघितलं की पैशाअडक्याची, धंद्याची बोलणी आधी होतात आणि मनं जुळायची ती पुढे जुळतात. सुट्टीत जमलेल्या प्रेमात सगळं उलट्या क्रमाने होतं. धंदा मागून येतो आणि आला की सगळ्या गोड आठवणींवर संशय घ्यायला लावतो.

मधुराचंही असंच झालं. नाव अर्थातच बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही. दोघांनी लिहायला हरकत नाही म्हटलं म्हणून लिहिते आहे.

मधुरा येवल्याची. वडिलांचं पैठणीचं छोटं दुकान, मागच्या खोलीत काही हातमाग, शिवाय गावातले काही कारागीर आपापल्या घरी यांच्यासाठी विणतात. बी.कॉम. झाल्यापासून दुकान तीच बघते. ऋषी नाशिकचा, साड्यांच्या मोठ्या शोरूमवाल्यांच्या घरातला. त्यांच्या बाहेरच्या शहरांतही शाखा आहेत. तिथे खरी पैठणी असते आणि तिच्या शेजारीच यंत्रमागावरची सेमी पैठणीही, काही हजारांत मिळणारी. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण लग्नाच्या बस्त्याला आलेलं गिऱ्हाईक पदर उलटा करून मागच्या बाजूवरून खरं-खोटं पारखतंच असं नाही. येवल्यातल्या लहान दुकानदारांचा या मोठ्या शोरूम्सवर राग आहे तो इथे.

दोघं भेटली संक्रांतीला. येवल्याची संक्रांत ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं, की तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं. आसारीवर, म्हणजे फिरकीवर, मांजा, खाली हलकडी या वाद्याचा ताल, पतंग कापला की आरोळी. ऋषी मित्रांबरोबर नाशिकहून आला होता. त्याला आसारी धरता येईना, ती मधुराने शिकवली. आडनाव कळलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ‘म्हणजे आपण शत्रूच की!’ असं म्हणून दोघं पोट धरून हसली होती.

मग नेहमीचंच. रात्री उशिरापर्यंत फोन, ‘बँकेचं काम आहे’ म्हणून मधुराच्या नाशिकच्या फेऱ्या, सोमेश्वरला भेटी. घरी दोघांनीही काही सांगितलेलं नव्हतं. जातीची अडचण नाही, असं दोघं म्हणाली. हा प्रश्न मी विचारतेच, कारण पुष्कळ घरांत ‘धंद्याचं वैर’ म्हणून जे पुढे केलं जातं त्याच्या आड जात असते. इथे खरोखरच धंदा होता.

गुढीपाडव्यानंतर मधुराच्या वडिलांचे दोन कारागीर काम सोडून गेले. दोघंही जुने. पैठणीच्या धंद्यात कारागिराला रेशीम आणि जर व्यापारी देतो, विणायची मजुरी साडीमागे ठरते, आणि वर उचल असते. घरातलं आजारपण, मुलीचं लग्न, पावसाळ्याआधीची घराची डागडुजी, यासाठी आधी घेतलेली रक्कम. ती फिटेपर्यंत कारागीर सहसा दुसरीकडे जात नाही. या दोघांची उचल एका दिवसात फेडली गेली, आणि ते ऋषीच्या काकांसाठी विणू लागले.

मधुराला आठवलं, की उचलीचा आकडा तिनेच फोनवर ऋषीला सांगितला होता.

ती आली तेव्हा रडत नव्हती, चिडलेली होती. ‘मॅडम, मीच घर फोडलं. आणि पप्पा रोज रात्री जेवताना विचारतात, यांना आकडा कळला कुठून?’

अशा वेळी मुली माझ्याकडून निकाल मागतात. तो खरा की खोटा, ते सांगा. मी सीआयडी नाही, आणि एकाच बाजूचं ऐकून माणसाची नियत ओळखण्याची विद्याही माझ्याकडे नाही. पण बघण्यासारखं काही हाताशी असतं. मी तिला म्हटलं, ‘संक्रांतीपासूनचे मेसेज काढ. दुकानाचा विषय जिथे जिथे आलाय तिथे बघ, तो कुणी काढला?’

समोर बसूनच तिने मोबाईल चाळला. बराच वेळ लागला. मधेच थांबून ती एक मेसेज मोठ्याने वाचायची आणि गप्प व्हायची. ‘आज बांगडी मोराचा पदर उतरला मागावरून, फोटो पाठवते.’ हा तिचा. ‘सुरतवाल्याने जरीचा भाव परत वाढवला.’ हाही तिचाच. उचलीचं बोलणं फोनवर झालेलं, पण त्याच्या आधीचा मेसेज सापडला: ‘पप्पा किती भोळे आहेत माहितीये? बिनव्याजी साठ हजार उचल देऊन बसलेत.’ ऋषीने एवढंच लिहिलं होतं, ‘भारी आहेत तुझे पप्पा.’

म्हणजे त्याने खोदून विचारलेलं नव्हतं. यावरून तो निर्दोष ठरतो असं नाही, पण तिच्या डोक्यातली ‘त्याने माझ्याकडून काढून घेतलं’ ही गोष्ट ढिली पडली. ती दिवसभर दुकानात असते, मग बोलणार दुसरं काय? प्रेमात पडलेलं माणूस आपला दिवसच सांगतं, आणि धंद्यातल्या माणसाचा दिवस म्हणजे धंदा. ‘आपण धंद्यावर बोलायचंच नाही’ अशी शपथ घेणारी जोडपी मला फारशी टिकताना दिसत नाहीत. ठरवायचं असतं ते वेगळं: ऐकलेलं कुठे न्यायचं नाही.

पुढचं काम होतं त्याला विचारण्याचं. तिचा तयार प्रश्न होता, ‘तूच सांगितलंस ना काकांना?’ या प्रश्नाला माणूस एक तर ‘नाही’ म्हणतो किंवा भांडतो. दुसरा बेत सापळ्याचा होता: त्याला खोटा आकडा सांगायचा आणि तो काकांपर्यंत पोचतो का ते बघायचं. मैत्रिणीने सुचवलं होतं. मालिकांमध्ये हे छान दिसतं, पण प्रत्यक्षात सापळा लावला की त्याच दिवसापासून आपणही खोटं बोलायला लागतो. आम्ही प्रश्न पुन्हा पुन्हा घडवला. शेवटी उरलं ते असं: ‘आमच्या उचलीचा आकडा तू घरी कुणाजवळ बोलला होतास का? मला राग येईल, तरी खरं सांग.’

ऋषी ‘हो’ म्हणाला.

पुढच्या वेळी दोघं एकत्र आली तेव्हा त्याने सगळं सांगितलं. रविवारी जेवायला बसलेले असताना काका म्हणत होते, येवल्यातले छोटे व्यापारी कारागिरांना पिळतात, देत काही नाहीत. ऋषीला ते लागलं. तो बोलून गेला, ‘सगळे तसे नसतात काका, साठ साठ हजार बिनव्याजी उचल देणारेही आहेत.’ तो तिच्या वडिलांची बाजू घेत होता. काकांनी मान डोलावली, भाजी वाढून घेतली आणि पुढच्या आठवड्यात येवल्यात माणूस पाठवून चौकशी केली.

मधुरा यावर हसावं की रडावं अशा चेहऱ्याने बसली होती. मी दोघांनाही सांगितलं, की हेतू चांगला होता हे खरं आणि नुकसान झालं हेही खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही. ‘पण मी मुद्दाम नाही केलं’ हे वाक्य त्याने तीनदा म्हटल्यावर मी त्याला थांबवलं. मुद्दाम केलं नाही हे तिला पटलंय. आता तू काय करणार आहेस, ते सांग.

(इथे थोडं कारागिरांबद्दल. ‘पळवले’ असं दोन्ही घरं म्हणत होती, जणू ती दोन माणसं म्हणजे दोन माग. दीड-दीड महिना वाकून एक साडी विणणाऱ्याला जास्त मजुरी मिळाली आणि तो गेला, यात त्याचं काय चुकलं? हे मी मधुराला म्हटलं तेव्हा तिला आवडलं नाही. ते साहजिकच होतं.)

ऋषीने काय केलं, तर काकांना जाऊन सांगितलं की तो आकडा त्याला कुठून कळला होता. म्हणजेच मधुराबद्दल सांगितलं. सुट्टीतल्या प्रेमाची खरी पारख मला इथे दिसते. संक्रांतीच्या गच्चीवर कुणालाच काही निवडावं लागत नाही. ‘तो मनापासून आहे का’ हे त्याच्या डोळ्यांत शोधत बसण्यापेक्षा, तुमचं नाव घेतल्याने त्याचं काही बिघडणार असेल तेव्हा तो ते कुठे घेतो हे बघा. आणि तुम्ही त्याचं कुठे घेता हेही. कारण मधुराने अजून घरी तोंड उघडलेलं नव्हतं. त्याच आठवड्यात तिनेही सांगितलं, उचलीच्या आकड्यासकट.

तिचे वडील मला एकदा भेटायला आले. ‘ताई, पोरगा वाईट नाही हो,’ म्हणाले, ‘पण उद्या ही त्यांच्या काउंटरवर बसली तर माझं दुकान कुणी बघायचं?’ हा प्रश्न इतके महिने प्रेमात असलेल्या दोघांनी एकमेकांना विचारलाच नव्हता. ऋषी चटकन म्हणाला होता, ‘तू तुझं दुकान चालव ना.’ बोलायला सोपं. नाशिक-येवला ऐंशी किलोमीटरच्या आसपास, एसटीने दोन तास. दिवाळीत आणि लग्नसराईत दोन्ही दुकानं एकदमच भरणार. राहायचं कुठे, मूल झाल्यावर काय, तिच्या दुकानात त्याच्या घरचा पैसा घालायचा की नाही? मी त्यांना हे बसून लिहायला लावलं. पैशाच्या मुद्द्यावर दोघं कडकडून भांडली, आणि ते बरंच झालं. त्यांचं आतापर्यंतचं सर्वात उपयोगी भांडण तेच.

लग्नाचं अजून ठरलेलं नाही. वडिलांनी दिवाळीचा सीझन जाऊ दे म्हटलंय. ऋषीला येवल्याच्या घरी यायला मोकळीक आहे, मागाच्या खोलीत नाही. गेलेले कारागीर परत आलेले नाहीत. बाकीच्यांची मजुरी मधुराने वाढवली, वडिलांच्या मनाविरुद्ध.

मध्यंतरी तिच्या तिसऱ्या कारागिरालाही काकांकडून निरोप गेला. या वेळी मधुराला ते आधी ऋषीकडूनच कळलं, आणि तिने त्या कारागिराशी बोलून त्याला थांबवून घेतलं. घरी कुणाला पत्ता नाही. पुढच्या आठवड्याची वेळ ऋषीने मागितली आहे, एकट्याची. फोनवर म्हणाला, ‘मॅडम, आता मला वाटतंय की मी काकांशी दगा केला.’