शिखर राहू दे, उतार काढ

चि. चित्रकार मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. सगळी चित्रं जमिनीवर मांडून दोन दिवस येता-जाता पाहत होतो. कळसूबाई आहे, रतनगडाचं नेढं (कातळातलं आरपार भोक) आहे, सांदण दरी आहे, कोकणकड्यावरचा सूर्यास्त आहे आणि काजव्यांनी लखलखलेलं झाड तर तीनदा आहे. हात चांगला आहे. वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या थरावर, ताबा आहे, कागद कुठे कोरा सोडायचा हेही कळतं. पण तू अकोले तालुक्यातल्या वाडीत वाढलीस, बारा महिने डोंगरात राहतेस, हे या चित्रांवरून कुणालाही ओळखता येणार नाही. शनिवारी रात्री मिनीबसने येऊन रविवारी परतणाऱ्या एखाद्या हौशी चित्रकारानेही हीच ठिकाणं, याच जागी उभं राहून काढली असती.

तू लिहिलंस, 'आमच्याकडे निसर्ग सोडून काढण्यासारखं काही नाही.' याच वाक्यापाशी मी थांबलो. बाकीचं पत्र त्याच्याबद्दलच आहे असं समज.

डोंगर लांबून पाहणाऱ्याला शिखर दिसतं, कारण त्याच्या नजरेत तेवढंच मावतं. डोंगरात राहणाऱ्याचा संबंध शिखराशी वर्षातून एखाद्या वेळी, देवीला जाताना. रोजचा संबंध उताराशी. घर उतारावर, खाचर उतारावर, विहीर खाली, शाळा वर. म्हणून माझं पहिलं सांगणं अगदी कोरडं आहे. पुढचे काही महिने शिखर काढू नकोस. उतार काढ, आणि उतारावरची माणसं.

हे वाटतं तितकं सोपं नाही. चित्रकलेच्या वर्गात मॉडेल सपाट फरशीवर उभं असतं, दोन्ही पायांवर किंवा एका पायावर भार टाकून. तुझी आत्या डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन विहिरीवरून वर येते तेव्हा तिचं शरीर वेगळंच गणित मांडत असतं. चढताना धड कमरेतून पुढे झुकतं, पण मान झुकत नाही, झुकली तर हंडा गेला. म्हणजे पाठ तिरकी आणि मान उभी, या दोन रेषांचा कोन मानेच्या मणक्याशी होतो. भार पुढच्या पायाच्या चवड्यावर असतो. उतरताना गुडघे सतत थोडे वाकलेले, टाच आधी टेकते आणि पाऊल किंचित आडवं पडतं. सरपणाची मोळी असेल तर आणखी निराळं, कारण मोळीची लांबी वाटेत अडते आणि बाई अंग तिरकं करून चालते. हे सगळं तू रोज पाहतेस. तुझ्या चित्रांत मात्र बाई आहे ती धुक्यात दूरवर, नखाएवढी, पाठमोरी आणि सरळ उभी. तिला जवळ आण. आणि आधी विचार. 'आत्या, तुला काढू का?' एवढं विचारायला काही लागत नाही. ती नको म्हणाली तर हंडा काढ.

दुसरी अडचण क्षितिजाची. सपाट मुलखातल्या चित्रात क्षितिज कुठे ठेवायचं ते चित्रकार ठरवतो. तुमच्या वाडीतून क्षितिज दिसतच नाही, समोरची धार आडवी येते. डोळ्यांची पातळी मात्र असतेच, ती कागदावर पेन्सिलीने फिकट आखून घे. मग ध्यानात ठेव की चढत जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही कडा या पातळीच्या वर जाऊन मिळतात आणि उतरत जाणाऱ्या वाटेच्या खाली. तुझ्या घाटवाटेच्या चित्रात वाट दरीत उतरते आहे, पण कडा तू क्षितिजावर मिळवल्यास. म्हणून ती उतरत नाही, सपाट पळते. कड्याचं थोडं राहिलं होतं. सह्याद्री कोकणाकडे एकदम तुटतो आणि देशाकडे हळूहळू पसरत जातो. देशावरून येणाऱ्याला कडा पायाशी येईपर्यंत कळत नाही, खालून येणाऱ्याला तो सकाळपासून डोक्यावर असतो. कड्याची तुझी दोन्ही चित्रं वरून पाहिलेली आहेत. एकदा कोकणात उतर आणि खालून काढ.

होकुसाई या जपानी चित्रकाराचं नाव तुझ्या कानावर आलं असेल, त्याची ती मोठी लाट सगळीकडे असते. फुजी पर्वताची त्याची चित्रमालिका 1830 च्या दशकाच्या सुरुवातीची, त्या वेळी तो सत्तरीत होता. मालिकेचं नाव छत्तीस दृश्यांचं आणि चित्रं 46, कारण मागणी आली तशी पुढची दहा त्याने नंतर जोडली. (पोट चित्रकारालाही असतं.) त्यातल्या एका चित्रात एक माणूस लाकडाचं भलंमोठं पिंप तासतो आहे. पिंप आडवं पडलेलं, दोन्ही बाजूंनी उघडं, आणि त्याच्या गोलातून पार मागे, भातखाचरांच्या पलीकडे, फुजी दिसतो. छोटासा त्रिकोण. पर्वत कुठेही गेलेला नाही, पण चित्र पिंपवाल्याचं आहे. कळसूबाई अशी काढता येईल. तुमच्या ओट्यावरून, सुपाच्या कडेवरून.

आता रंगांचं. तुझ्या पेटीतला सॅप ग्रीन संपला आहे आणि तांबूस-तपकिरी बर्न्ट सिएना जवळजवळ कोरा आहे, हे चित्रांवरूनच दिसतं. सह्याद्री हिरवा असतो तो जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. उरलेल्या महिन्यांत तो पिवळा, तपकिरी, राखाडी आणि काळा असतो, आणि तेव्हाच त्याची हाडं दिसतात. बेसॉल्टचे आडवे थर, मधूनच दोन थरांमधली तांबडी पट्टी, कड्याच्या टप्प्यांवर वाळलेल्या गवताची रेघ. पर्यटक तेव्हा कमी येतात, म्हणून ती चित्रंही फारसं कुणी काढत नाही. मार्च ते मे या काळात काय काय चाललेलं असतं बघ. अंगणात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, वाळत घातलेला असतो आणि हिरव्याचा काळा होत जातो. रोज सकाळी त्याच अंगणाचं एकच रंगीत टिपण घेतलंस तर पेटीतल्या सगळ्या हिरव्या-काळ्यांची ओळख होईल. मग राब. डहाळ्या, पालापाचोळा, शेण पसरून पेटवलेले ते काळे चौकोन भाजक्या तपकिरी उतारावर कसे दिसतात! एवढी घट्ट रचना कुठल्याही अमूर्त चित्रकाराला हेवा वाटावा अशी. पाऊस पडला की त्याच काळ्या चौकोनात भाताची रोपं उगवतात, आणि तो पोपटी रंग शेजारच्या कुठल्याही हिरव्याशी जुळत नाही. नाचणीचा हिरवा निळसर, जंगलाचा गडद आणि थोडा तांबूस. 'हिरवा' म्हणून एकच नळी पिळली की हे सगळं मरतं.

आणखी एक खटकलं. तुझ्या पावसाच्या चित्रात भाताच्या आवणीला वाकलेल्या सगळ्या बायांनी पानांची इरली घेतली आहेत. खरं सांग, तुमच्या खाचरात आज किती इरली आणि किती प्लास्टिकचे कागद? इरलं सुंदर असतं, मलाही आवडतं, आणि कुणी वापरत असेल तर अवश्य काढ. पण निळ्या ताडपत्रीखालची बाई खोटी आणि इरल्याखालची खरी असं मानू नकोस. राखाडी पावसात, चिखलाच्या तपकिरीत तो निळा आणि तो पिवळा केवढा जोरात लागतो, हे रंगाचं भाग्य आहे. विजेचे खांब, डिश अँटेना, उन्हाळ्यात वाडीवर येणारा पाण्याचा टँकर, हेही तुझ्या डोंगराचं आहे. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पूर्ण झालं. त्याच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर एप्रिलमध्ये बाया वाटीवाटीने पाणी भरतात, आणि तू तो जलाशय काढलास सूर्यास्तासह. सूर्यास्त काढू नको असं म्हणत नाही. पण जलाशय आणि रिकामा हंडा एका चौकटीत येतात अशी जागा तुला नक्की माहीत असेल.

पावसाळ्याबद्दल तू विचारलं होतंस. हवा ओलीगच्च असताना जलरंगाचा वॉश तासन्‌तास वाळत नाही आणि दुसरा थर पहिल्यात मिसळून चिखल होतो. त्याच्याशी भांडू नकोस. त्या दिवसांत कागद लहान घे, ओल्यावर ओलं एकाच बैठकीत संपव, किंवा सरळ कोळसा आणि मेणाचे खडू घे. धुकं रंगाने काढायचं नसतं, कडा पुसून काढायचं असतं. जवळची एकच कड धारदार ठेव, बाकीच्या सोडून दे. बुरशी हा खरा शत्रू. कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ठेव आणि ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढ. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेस तर बुरशी लागणार नाही, पण धुराने पिवळे पडतील. रंगवलेल्या कागदाला काच चिकटू देऊ नकोस, मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घाल.

रिसॉर्टवाल्याने भिंतभर 'वारली' काढायला सांगितलंय आणि पैसे बरे देतोय, हो म्हणू का, असं तू शेवटी, जरा घाबरत विचारलंस. जरा लांबून उत्तर देतो.

वारली चित्रं ही मुळात लग्नाची. शेणमातीने किंवा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करून, सवाशिणी लग्नाचा चौक लिहीत आणि त्यात पालघट देवी बसे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले, त्यांनी कागद दिले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी विधीबाहेर, स्वतःसाठी, रोज चित्रं काढायला घेतली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र मिळालं तर बघ. कागदभर पसरलेलं जाळं, बारीक पांढऱ्या रेघांचं, आणि कडेला माणसं. सगळा जीव त्या जाळ्याच्या विणीत आहे. जाळं विणणारा जे करतो तेच काडीने पुन्हा केलेलं.

या चित्रांत क्षितिज नसतं. घर, झाड, गुरं, तारपा वाजवणारा, सगळं कागदाच्या तळापासून माथ्यापर्यंत पसरलेलं, मागचं लहान नाही की पुढचं मोठं नाही. याची कारणं अभ्यासक वेगवेगळी देतील. माझा आपला एक तर्क आहे. एका उतारावर उभं राहून समोरच्या उताराकडे पाहिलं की जग असंच दिसतं. आकाश नाही, एकावर एक रचलेली खाचरं, घरं, वाटा, माणसं. तर्क चुकीचा असला तरी तुला उपयोगी पडेल. समोरची वाडी अशी काढून बघ.

म्हणजे शिकायचं ते पाहणं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस काढणं तुला पाच मिनिटांत येईल, आणि म्हणूनच ते तू घेऊ नयेस असं मला वाटतं. तू महादेव कोळ्यांच्या घरातली, वारली नव्हेस. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे आणि ती काढून पोट भरणारी घरं डहाणू, जव्हार, विक्रमगडकडे आहेत. रिसॉर्टवाल्याला सांग, वारली हवं असेल तर वारली चित्रकार बोलवा. पत्ते तुला मी मिळवून देतो. आणि त्याच दमात विचार, दुसरी भिंत मला द्याल का?

त्या भिंतीवर काय काढायचं, तर तुमच्याकडे जे आहे ते. वाघबारशीला ज्या वाघोबापुढे नारळ फुटतो, त्याचा दगड किंवा लाकूड नीट पाहिलंस कधी? वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळ्यावर शेंदूर. कोरणाऱ्याला वाघाचं शरीरशास्त्र येत नव्हतं, पण वाघाची भीती आणि भक्ती दोन्ही येत होती. बोहाड्याची, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवातली, सोंगं बघ. कागदाच्या लगद्याचे, लाकडाचे ते मुखवटे दिवसा ओट्यावर ठेवलेले असले तर रंग भडक वाटतात. रात्री संबळाच्या ठेक्यावर, मशालीच्या हलत्या उजेडात तेच मुखवटे नाचायला लागले की कळतं, रंग त्या उजेडासाठी लावले होते. मुखवटे करणाऱ्याकडे जाऊन बस. लगदा कसा कुटतो, डोळ्याचं भोक कधी पाडतो, जुन्या मुखवट्यावर नवा रंग चढवताना काय खरवडतो, काय तसंच ठेवतो, सगळं टिपून घे. तुझ्या आसपास चित्रकार नाहीत असं तू लिहिलंस. हे मग कोण आहेत?

मुंबईच्या प्रवेशाचं म्हणशील तर, जे. जे. कला महाविद्यालयात नंबर लागला तर बेलाशक जा. इंटरमीजिएट ड्रॉइंगची परीक्षा झाली आहेच. तिथे शिस्त मिळेल, संग्रहालयं बघायला मिळतील आणि तुझ्यापेक्षा चांगला हात असलेली दहा मुलं भेटतील, त्याची गरज आहे. सुट्टीत मात्र वाडीवरच ये.

पैशांचं थोडं. भिंतीचा दर चौरस फुटावर ठरव, रंगाचा खर्च वेगळा, निम्मे आधी. कागदावरच्या चित्राची फुकट भेट मामालाही देऊ नकोस, फारतर कमी घे. सूर्यास्त विकले जातात हे मला ठाऊक आहे. हंगामात चार सूर्यास्त विकून हिरड्याच्या महिन्याचे कागद येत असतील तर जरूर विक, फक्त ते मला पाठवू नकोस.

सोबत विलो चारकोलची (चित्राच्या कोळशाची) डबी आणि कोळसा पुसला जाऊ नये म्हणून फिक्सेटिव्हचा स्प्रे पाठवतो आहे. स्प्रे अंगणातच मार, वाऱ्याकडे पाठ करून. चुलीच्या घरात अजिबात नको, तो भडकन पेटतो.

तुझे,
सर