वाचकांचे प्रश्न : नाथसागराच्या काठावरची मोजदाद

प्रश्न : आमचं गाव गंगापूर तालुक्यात, जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजे नाथसागराच्या, फुगवट्याला लागून. आम्ही सहा-सात जण दर पंधरा दिवसांनी काठावरचे पक्षी आणि माणसांची वर्दळ टिपतो. डिसेंबरात पक्षी जेमतेम, फेब्रुवारीत एकदम तिप्पट. मोजण्यात चूक होतेय का?

उत्तर : पाण्याची पातळी लिहिता का, ते आधी बघा. हा जलाशय उथळ आहे. फूटभर पाणी उतरलं तरी काठ बराच आत सरकतो. धरण भरलेलं असताना चिखलाचा पट्टा बुडालेला असतो, मग तुतवार, शेकाटे चरणार कुठे? तोच पट्टा उघडा पडला की थवे उतरतात. म्हणून पानाच्या डोक्यावर त्या दिवशीची धरणाची पातळी लिहा (पूर्ण भरल्यावर १५२२ फूट).

उभं राहण्याची जागा पाण्याबरोबर पुढे सरकू द्या, रेघ मात्र तीच ठेवा : बांधावरचं एखादं झाड आणि समोरच्या काठावरची खूण. दोन्ही हातांना ५००-५०० मीटर मोजा. तुमचा काठ उत्तरेचा, म्हणजे हिवाळ्यात दुपारचं ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि सगळी बदकं काळीच दिसतात. उजाडल्यावर लगेच पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करून पश्चिमेकडे मोजत जा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते.

मोठ्या थव्यात आधी दहा पक्षी नीट मोजा, तेवढा तुकडा नजरेत धरा आणि तसे किती तुकडे बसतात ते बघा. दोघांनी वेगवेगळं मोजून दोन्ही आकडे लिहावेत. सरासरी काढून एकच लिहिला की चूक झाकली जाते. मधेच थवा उडाला तर पुन्हा पहिल्यापासून. ओळख पटली नाही तर सरळ ‘बदक, अनोळखी’ लिहा.

प्रश्न : माणसांचं काय लिहायचं? वही बघून लोक बिचकतात.

उत्तर : नावं, चेहरे, गाडीचे नंबर नकोतच. होड्या, लावलेली जाळी, गाळपेर (पाणी हटलेल्या गाळातली पेरणी), जनावरं, मोकाट कुत्री यांचे रकाने वेगळे करा, आणि त्यांच्यामुळे पक्षी उडाले का तेही लिहा. काही दिसलं नाही तर शून्य घाला. रिकामा रकाना म्हणजे पाहिलंच नाही. मासेमारी करणाऱ्यांना वही उघडून दाखवा. कुठल्या वळणावर थवा उतरतो हे त्यांना तुमच्याआधी ठाऊक असतं.

प्रश्न : एप्रिलमध्ये बेटावर नदी सुरयची अंडी दिसली. फोटो काढायला जावं का?

उत्तर : नाही. अंडी उघड्या वाळूवर असतात. पक्षी अंगाची सावली धरून बसतो. तुमच्यामुळे तो उठला तर भर उन्हात अंडी थोड्याच वेळात वाया जातात. शिवाय हे १९८६ पासून अभयारण्य आहे, परवानगी वनविभागाची. काठावरूनच बसलेले पक्षी मोजा आणि बेटाभोवती पाणी किती उरलंय ते दर आठवड्याला लिहा. पाणी हटून बेट काठाला जोडलं गेलं की कुत्री आत शिरतात. वनरक्षकाला त्याच्या आधी सांगायचं.