‘अन्य भाषा बोलत नाही, म्हणजे मला आत्मा मिळालाच नाही का?’

स्वर्गारोहणाच्या (येशू स्वर्गात गेल्याच्या सणाच्या) दुसऱ्याच दिवशी एक ताई माझ्याकडे आल्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). नंदुरबारकडच्या दवाखान्यात नर्स, वय चाळिशीच्या आसपास, मधुमेह. पेंटेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंतचे, दहा दिवस नुसत्या पाण्यावर काढायचं ठरवून आल्या होत्या.

“आणि गोळ्या?”

“कालपासून बंद.”

बाकीचं सगळं बाजूला ठेवून मी आधी त्यांना डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. उपास त्याच दिवशी सुटला.

मग ताईंना रडू आलं. त्यांच्या प्रार्थना गटात सगळ्या अन्य भाषांमध्ये, म्हणजे न शिकलेल्या, आत्म्याने दिलेल्या मानलेल्या भाषांमध्ये, प्रार्थना करतात, यांच्या तोंडून फक्त मराठी. म्हणजे आपल्याला आत्मा मिळालाच नाही, असं त्यांना वाटत होतं. गटाच्या पुढारी ताई दर शुक्रवारी डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, “कुठलं तरी पाप अडतंय, कबूल कर.” त्यांनी लग्नाआधीचंही सगळं उकरून कबूल केलं होतं.

इथे माझी चूक झाली. मी करिंथकरांस पहिलं पत्र, बारावा अध्याय उघडला: सगळेच अन्य भाषा बोलतात काय? ताईंना ते वचन पाठ होतं. वचनाने वाद मिटतो, लाज जात नाही. हे मला इतक्या वर्षांनंतर तरी कळायला हवं होतं.

म्हणून कामाबद्दल विचारलं. बाळंतपणाच्या वॉर्डात पाड्यांवरून बाया येतात, पावरी बोलणाऱ्या. ताई पेशंटकडूनच पावरी शिकल्या. कळा देणारी पोर घाबरली की डॉक्टर यांनाच हाक मारतात.

मग आम्ही प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय सावकाश वाचला. यरुशलेमेत पेंटेकॉस्टच्या सणाला पार्थी, मेदी, एलामी असे कुठकुठले लोक जमलेले. आत्मा उतरला आणि येशूचे शिष्य वेगवेगळ्या भाषांत बोलू लागले. नवल वाटलं ते ऐकणाऱ्यांना: हे गालीली, आणि आपल्याला आपली जन्मभाषा कशी ऐकू येते?

“पण केडगावला 1905 मध्ये...” ताई म्हणाल्या. गटात हा दाखला नेहमी देत. पंडिता रमाबाईंच्या तिथल्या मुक्ती मिशनमधलं ते संजीवन (आत्मिक जागृतीची लाट) खरंच होतं. मुली रडल्या, पापं कबूल केली, रात्ररात्र प्रार्थना केली. पण त्याच रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून आख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायला बसल्या होत्या, 1922 मध्ये जाईपर्यंत. तो दाखला गटात कुणी देत नाही.

अन्य भाषांनी ज्यांना आनंद मिळतो त्यांचा तो खोटा आहे, असं मी म्हणत नाही. तो कुणाला मोजायची पट्टी झाला की माझ्याकडे माणसं येतात.

ताई लगेच हलक्या झाल्या नाहीत. चार वेळा आल्या. गट सोडायचा नव्हता, मीही सोडा म्हटलं नाही. पुढारी ताईंना काय सांगायचं याची मात्र आम्ही दोनदा तालीम केली: “हात ठेवण्याआधी मला विचारा. पापाचं मी आणि देव बघू.”

त्यांनी ते सांगितलं. पुढारी ताई दोन शुक्रवार बोलल्या नाहीत. साखर ताळ्यावर आहे.