अकरावीसाठी वसतिगृहात जाताना

प्रश्न : मुलगी गुहागरहून रत्नागिरीला अकरावी विज्ञानासाठी वसतिगृहात जातेय. तयारी काय करावी?

उत्तर : शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा होतो, आधीच पाच-सहा झेरॉक्स काढा. त्यावरचं नाव, जन्मतारीख नीट तपासा. चूक असेल तर शाळेतूनच दुरुस्त करून घ्या, नाहीतर बारावीच्या फॉर्मला अडतं.

प्रवेश ऐन पावसात होतो. जाड टॉवेल, जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास धरतात. त्यापेक्षा दोन पंचे, पटकन वाळणारे चार जोड, दोरी आणि चिमटे द्या. वह्या-पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत.

पहिले काही आठवडे ती फोनवर रडेल. ऐकून घ्या, पण लगेच न्यायला धावू नका. जेवण, झोप सुटली तर मात्र त्याच दिवशी रेक्टरबाईंना भेटा.